खुंट्यांमधलं नाव

शहरात वाद्यांचं दुकान असलेले गायके शेठ हर्सूलला माझ्या शेडवर आले, ते हातात एक लेबल घेऊनच. त्यावर परदेशी कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं.

"मंतशा, सीलर वाळलाय ना? मग हे गिटारच्या खुंट्यांमध्ये चिकटव आणि वरून लॅकर मार. कुणाला कळतंय?"

मला कळतंय. ही गिटार मी एकटीनं घडवलीय. लाकूड तीनदा ओल्या फडक्यानं पुसलं, आणि दर वेळी उभे राहिलेले तंतू पॉलिश पेपरनं घासून बसवले. बारीक छिद्रं बोटानं फिलर दाबून बुजवली. सीलरचा पहिला हात फिरला तेव्हा शिसम असं उजळलं, की माझी मीच बघत राहिले.

"शेठ, या नावाच्या माणसानं हिला एकदा तरी घासलंय का?"

"तुझ्या नावानं कोण घेणार?" ते हसत म्हणाले.

मी लेबल त्यांच्या हातात परत दिलं. पेन्सिल घेतली आणि खुंट्यांच्या मधोमध ठळक लिहिलं: मंतशा, हर्सूल. मग त्यांच्या डोळ्यांदेखत त्यावर लॅकरचा फवारा मारला.

शेठनं नाकाला रुमाल लावला. "आता हे निघणार कसं?"

"निघतं की," मी म्हटलं. "पार खालपर्यंत घासायचं, मग पुन्हा पाणी, पुन्हा फिलर, पुन्हा सीलर. लई नाय, आठ दिवसांचं काम."

मी पॉलिश पेपर त्यांच्यापुढं धरला.

"बसा शेठ. सुरू करा."