चांदीची आई

मिठाचं पाणी, वाटीभर.

बर्फाच्या डब्यात रक्ताच्या दोन नळ्या.

मुरुमच्या बाजारात एका दावणीला चौदा शेळ्या. चौदाही काळ्या.

"आत्या, आता रक्तच बोलंल," असं सून म्हणाली होती.

भिमाबाईची चांदी गोठ्यातून चोरीला गेली, त्याला वीस दिवस झाले होते. बाजारात व्यापारी बंडप्पाच्या दावणीपुढं उभं राहून तिनं हाक मारली. चौदांतल्या एकीनं मान वळवली.

बंडप्पा हसला. "मावशे, एवढ्या मायेनं हाक मारली तर म्या बी वळंन."

पोलीस ठाण्यात हवालदार शिवपुत्रनं विचारलं, "काळ्या शेळीचं नाव चांदी?"

"मग काय कोळसा ठिवू?"

वळलेली मान कागदावर चढत नव्हती. सून संघप्रियानं अर्जावर अर्ज देऊन डीएनए तपासणी मंजूर करून घेतली. चांदी ठाण्याच्या आवारात बांधली गेली. गुरांच्या डॉक्टर गायत्री घरी आल्या.

"चांदीची आई आहे का तुमच्याकडं?"

"हाय की." भिमाबाईनं म्हातारी शेळी पुढं ओढली.

दोन महिन्यांनी ठाण्यात अहवाल आला. आई-पिल्लाचं नातं नाही.

"न्हाय कसं? म्हातारीच्याच सडाला वाढली ती!"

"वाढली. पण व्याली कोण?" गायत्रींनी विचारलं.

भिमाबाईनं मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एक शेळी विताना मेली होती. तिच्या करडाच्या अंगाला भिमाबाईनंच मिठाचं पाणी चोळलं होतं. म्हातारीनं मीठ चाटता चाटता ते आपलं मानलं. तेव्हापासून घरात सगळे म्हातारीलाच चांदीची आई म्हणत.

"मग तसं लिवा की, बाई."

"लिहून काय होणार? रक्त जुळवायचं कुणाशी? तिच्यासोबत जन्मलेलं दुसरं करडू आहे का?"

संघप्रियानं सासूकडं पाहिलं. सासू जमिनीकडं बघत होती.

"बंडप्पा तुमच्यावरच खोट्या तक्रारीची केस करा म्हणत होता," हवालदार म्हणाला. "म्या म्हटलं, जाऊ दे, म्हातारं माणूस हाय."

शेळी बंडप्पाच्या टेम्पोत चढवली. भिमाबाई फाटकाशी उभी होती. तिनं हाक मारली नाही.

चांदीसोबत जन्मलेला बोकड, संघप्रिया लग्न होऊन आली त्या आठवड्यात, पाहुण्यांसाठी कापला होता.