अर्धा कळवळा

मला वळता येत नाही. मी सरळ चालते, आणि समोर माणूस आलं की त्याच्यातून जाते. गेल्यावर त्याच्या पोटात ताटलीएवढं भोक राहतं. माझ्या नवऱ्याची, श्रीनिवासची, तर चाळणच झालीय; पंखा लावला की त्याच्यातून शीळ वाजते. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं, एवढं ठाऊक आहे.

सासूबाई म्हणायच्या, "चारूला सगळं कळतं, पण वळत नाही." त्यांच्यातूनही मी हातातला चहा न सांडता गेले.

डॉक्टर अणावकरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीला धरला. "कळवळा अर्धाच आहे," ते म्हणाले. "कळ आहे, वळ नाही."

"वळ तर मी पुष्कळांच्या अंगावर उठवलेत."

ते हसले नाहीत. "हे भरून येणार नाही. कळतंय तेवढ्यावरच वळून बघा."

घरात अजून अखंड अशी एकच, माझी मुलगी रेवा. ती तशीच राहायला हवी असं मी ठरवलं. आतून काही वाटलं वगैरे नाही, नुसतं ठरवलं.

तेव्हापासून आमचा पॅसेज अरुंद होत गेला. आधी चपलांचं कपाट काढावं लागलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर. रविवारी सकाळी माझे दोन्ही खांदे भिंतींना घासत होते, आणि समोरून रेवा दहीभाताची वाटी घेऊन आली.

"आई, मी येतेय."

"येऊ नकोस."

"बाबांना भूक लागलीय."

थांबणं मला कधी जमलेलं नाही. पाय पडतच होते. छाती गप्प होती, तिचा उपयोग नव्हता. म्हणून मी अंगालाच शाळेतल्या कवायतीसारखं सांगत गेले. उजवी टाच. आता कंबर. आता खांदा. पाठीत गंजलेल्या कडीसारखं काहीतरी करकरलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मी अंग चोरलं.

रेवा माझ्या आणि भिंतीच्या मधून गेली. भाताचं शीतही सांडलं नाही. मी तिचं पोट पाहिलं. सबंध होतं.

माया दाटून आली नाही. आनंद मात्र असा झाला, की गच्चीवर जाऊन सगळ्या सोसायटीला सांगावं, मी गड सर केला.

आतल्या खोलीतून श्रीनिवासनं विचारलं, "कोण वळलं?"

"मी."

आतली शीळ थांबली; त्यानं पंखा बंद केला होता.

रेवानं वाटी त्याच्यापुढे ठेवली. "आई, परत येऊ?"

पॅसेज तेवढ्यात आणखी आवळला होता. त्या वळण्यानं माझे पाय आता तिच्या दिशेनं सुटले होते.

"ये," मी म्हणाले.

ती डोळे मिटून पळत सुटली. मी हसत उजवी टाच उचलली.