साहेबाला दिलेला ढोल

हातमोजा अंगठ्यापाशीच अडकला. म्हाताऱ्याने दोनदा जोर लावला. तिसऱ्या वेळी रबर टर्रकन फाटलं, आणि संग्रहालयाच्या बाईंनी दुसरा जोड पुढे केला.

"हा मोठ्या मापाचा आहे, बाबा."

"मापाचं नाही हो बाई. मोज्यातून बोटांना काही दिसत नाही."

मागे उभा असलेला, त्याच्या वस्तीचा कारभारी खाकरला. "घाल गुमान. तुझ्या घरच्या हातांनी आधीच पुष्कळ करून ठेवलंय."

म्हाताऱ्याने फाटका मोजा बाजूला ठेवला. असली बोलणी तो लहानपणापासून ऐकत आला होता. उत्तर त्याच्या नातीने दिलं. "कारभारीबाबा, निदान इथे तरी नको." ती गावच्या शाळेत शिकवायची. हा ढोल परत मिळावा म्हणून चार वर्षं तिने अर्जांवर अर्ज केले होते.

बाईंनी शेवटी मान डोलावली. "बरं, साध्या हातांनी बघा. पण हलकेच."

त्यांनी कापड ओढलं.

टेबलावर ढोल आडवा ठेवला होता. त्याच्या अंगावर दोऱ्याने बांधलेलं पिवळं पडलेलं कार्ड होतं. म्हातारा दोन वर्षांपूर्वी नातीकडून अक्षरं शिकला होता. एकेका शब्दावर बोट ठेवत त्याने वाचलं, "उठावात... जप्त केलेला... ढोल. कोणीही... वाजवू नये."

"वाजवू नये हा मूळ हुकूम आहे," बाई म्हणाल्या. "गोऱ्या साहेबाच्या पत्रातच आहे. ओल्या पोत्यांत गुंडाळून खेचरावरून आणला. वाटेत कोणाचं बोटही लागू दिलं नाही."

"भ्यायला होता," कारभारी म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "माझ्या पणजाने वाजवलेला ऐकला होता ना त्याने."

ती गोष्ट डोंगरात पोराटोरांना पाठ होती. जंगल सरकारी झालं, सरपणाच्या काटकीलाही परवाना लागू लागला, गुरं चारली म्हणून माणसं बांधून नेली. तेव्हा कारभाऱ्याच्या पणजाने कड्यावरून हा ढोल वाजवला आणि नऊ वस्त्यांतले आदिवासी एका दमात खाली उतरले. चौकी जळाली. साहेब बूट टाकून पळाला. चार महिन्यांनी तो बंदुका घेऊन परत आला. वाजवणारा नदीच्या उतारावर मारला गेला. मग साहेबाने दवंडी पिटवली : दोन दिवसांत ढोल आणून द्या, नाहीतर नऊही वस्त्या पेटवतो.

ढोल नेऊन दिला तो म्हाताऱ्याच्या पणजोबाने. ढोल घडवणारा तोच, आणि सांभाळणाराही तोच. डोक्यावर घेऊन एकटा छावणीत गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. वस्त्या वाचल्या. पण वाचलेल्यांनी त्याला कधी माफ केलं नाही. तेव्हापासून म्हाताऱ्याचं घर 'ढोल देणाऱ्याचं घर'. बैठकीत त्यांची जागा दाराजवळ. आणि कारभाऱ्याच्या घराने तर शपथच घेतली होती, ढोल पुन्हा वाजेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही. चार पिढ्या ती पाळली होती.

म्हाताऱ्याने ढोलावर हात ठेवला. आयुष्यभर त्याने ढोल मढवले होते. आधी तो नुसता चाचपत राहिला. कातड्याच्या वाद्या कशा ओवल्यात, कड कशी वळवलीय ते बघत. वाद्यांची शेवटची गाठ त्याने शोधली. ती आतल्या बाजूला दडवलेली होती. त्याच्या बापाने शिकवलेली, बापाला त्याच्या बापाने. दुसऱ्या कोणाला ती जमायची नाही.

"आमचीच," तो पुटपुटला.

नातीने डोळे पुसले.

मग त्याचा हात ढोलाच्या तोंडावर ताणलेल्या पुडीवर फिरला आणि थांबला. त्याने वाकून पाहिलं. बाईंना म्हणाला, "खिडकी जरा उघडा."

उजेड आला. पुडीचं कातडं मधोमध जसं होतं तसंच कडेलाही होतं. सगळीकडे एकाच रंगाचं. महिनाभर वाजलेल्या ढोलावरही तळव्याचा काळपट डाग पडतो. हा तर नऊ वस्त्यांचा ढोल, वर्षानुवर्षं बडवलेला. याच्यावर डाग नव्हता. हा ढोल कधी कोणी वाजवलाच नव्हता.

एका बाजूची पुडी वाळून फाटली होती. त्याने फटीतून बोटं घातली. लाकूड चार बोटं जाड! असा ढोल घुमणार कसा? आणि लाकूडही असं, ज्याची गुरांची गव्हाण करतात. नवशिक्याने असं केलं असतं तर त्याने कानफटवला असता. पण गाठ नवशिक्याची नव्हती. ज्याला उत्तम ढोल करता येत होता त्याने जाणूनबुजून हा मुका केला होता.

त्याने मधल्या बोटाचं पेर लाकडावर टेकवून हळूच ठोकलं. ठक्. ओल्या ओंडक्यावर ठोकावं तसं.

आमच्या घरची बियाण्याची कोठी याहून बरी वाजते, त्याच्या मनात आलं. आणि त्याचं पेर लाकडावर तसंच टेकलेलं राहिलं.

"बाबा?" बाईंनी कागद पुढे सरकवला. "ओळख पटल्याशिवाय मला ढोल देता येणार नाही. तुम्हाला खात्री नसेल तर तसं सांगा. मग प्रकरण पुन्हा वर जाईल."

"बोल की," कारभारी म्हणाला. तो टेबलाशी आला. "तोच ना?"

म्हाताऱ्याने नातीकडे पाहिलं. अर्जांची फाईल तिने छातीशी धरली होती.

"हा माझ्या पणजोबाने केलेला आहे," तो सावकाश म्हणाला. "साहेबाला नेऊन दिला तो हाच. लिहून घ्या."

एकही शब्द खोटा नव्हता. बाईंनी लिहून घेतलं. त्याने खाली सही केली. शेवटचं अक्षर जरा रेघेबाहेर गेलं.

परतताना ढोल जीपमध्ये मागे, घोंगडीत गुंडाळून ठेवला होता. कारभाऱ्याने एक हात त्याच्यावरून काढला नाही. उन्हं तापली होती. नातीने पाण्याची बाटली कारभाऱ्यापुढे धरली.

"आता तरी घ्या, बाबा. मिळाला ना ढोल."

"वाजल्यावर," तो म्हणाला. पण रोजचा काटा त्याच्या बोलण्यात नव्हता. "उद्या सकाळी. नऊही वस्त्या येतायत. पहिली थाप माझी." थोड्या वेळाने तो म्हाताऱ्याला म्हणाला, "तुझ्या पणजाने दिला, तू आणलास. मी सांगेन बैठकीत. पुढे बसवेन तुला."

म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. उद्या हा ढोल वाजणार. ठक् करून. नऊ वस्त्या ऐकणार. हसतील, नाहीतर रडतील. म्हणतील, या घराने ढोल दिला तो दिला, वर केलाही असला.

घरी पोचल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत. सरळ आतल्या खोलीत गेला. कोपऱ्यात बियाण्याची कोठी होती, कमरेएवढी, एकाच खोडाची, तोंडापासून बुडापर्यंत मातीने लिंपलेली. तिच्याबाबत घरात चार रीती होत्या. ती कोणाला उसनी द्यायची नाही. घरातून हलवायची नाही. दर वर्षी तिच्यावर लिंपणाचा नवा हात द्यायचा, तोही घरच्याच माणसाने. आणि बी भरण्याआधी बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचं. का ते कोणी विचारलं नव्हतं. पणजोबा त्या दिवसानंतर तीस वर्षं जगला. कोठ्या आणि गव्हाणी करत राहिला आणि लोकांचं ऐकून घेत राहिला. ढोलाबद्दल त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. स्वतःच्या लेकाजवळही नाही. नऊ वस्त्यांना इतकी तोंडं, त्यातलं एक कधी तरी सैल सुटलं असतंच.

म्हाताऱ्याने वीत टाकून कोठी मोजली. साडेचार. शहरातून आणलेला ढोलही चाचपताना साडेचारच भरला होता.

"बी काढून पोत्यात भर," तो नातीला म्हणाला.

"आत्ता? पेरणीला दोन महिने आहेत, आजोबा!"

"भर म्हणतो ना. आणि कारभाऱ्याला बोलाव."

"ते येतील आपल्या घरात?"

"म्हणावं, उद्या नऊ वस्त्यांत हसं व्हायला नको असेल तर ये."

कारभारी जीपमधून आला, पण उंबरठ्यावरच थांबला. "काय आहे ते इथूनच सांग."

म्हाताऱ्याने ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. "सांगण्यासारखं नाही. पूस."

"मी? तुझी कोठी? डोकं फिरलंय का तुझं?"

"पहिली थाप तुझी ना? मग हातही तुझाच लागू दे."

कारभाऱ्याने नातीकडे पाहिलं. तिलाही काही कळलेलं नव्हतं. तो कुरकुरत आत आला आणि तोंडाच्या कडेला पुसू लागला. माती थराथराने सुटत होती. कितीतरी वर्षांचे थर होते. खाली लाकूड लागलं, काळंभोर आणि घट्ट. मग बोट जाईल एवढं भोक लागलं, मातीने बुजवलेलं. चार बोटांवर दुसरं. मग तिसरं. वाद्या ओवायची भोकं कडेने ओळीत निघत गेली, तसा त्याचा हात मंदावला. शेवटी फडकं खाली पडलं.

म्हाताऱ्याने पेराने ठोकलं. रिकामी कोठी घुमली. आवाज भिंतींना लागून परत आला आणि अंगणातल्या शेळ्यांनी माना वर केल्या.

कारभाऱ्याने आत हात घालून लाकडाची जाडी चाचपली. एक बोट, त्याहून जास्त नाही. मग त्याने दारातून बाहेर पाहिलं. जीपमध्ये घोंगडीतला ढोल तसाच पडला होता.

"रात्रीत मढवून होईल?" त्याने विचारलं.

"कातडं भिजत घातलंय."

कारभारी कोठीला टेकून जमिनीवर बसला. चिखलाने भरलेले हात त्याने गुडघ्यांवर ठेवले आणि ते उगाच उलटेसुलटे करून पाहत राहिला.

"पोरी," वर न बघता तो म्हणाला, "तुमच्या माठातलं थोडं पाणी दे गं."