गुंडीचा दात

“कंपाउंडरकाका, कुत्रं चावलं की चौदाच्या चौदा इंजेक्शनं पोटातच देतात का?”

विशाखानं विचारलं आणि दवाखान्याच्या दाराआड झुलेखा नि गिरिजा तोंडावर हात दाबून खिदळल्या. कंपाउंडरला असलं काही विचारून दाखवायची पैज त्यांनीच लावली होती. वक्तृत्वाची ढाल पटकावल्यापासून ही नववीतली पोरगी कुणालाही काहीही विचारायला मागंपुढं बघत नसे. पण आज विषय तिनंच हळूच काढून दिला होता. तिच्या डाव्या मोज्याखाली, घोट्याजवळ, दाताचा एक लाल ठिपका होता. तो मैत्रिणींना ठाऊक नव्हता.

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता कंपाउंडरनं वर पाहिलं. “कुणाला चावलंय?”

“झुलेखाच्या आतेभावाला.”

“मला कुठला आलाय आतेभाऊ?” दाराआडून झुलेखा कुजबुजली.

“आधी त्याला इथं घेऊन या. आणि कुत्रं मोकळं सोडू नका, बांधून नजर ठेवा. पाण्याला तोंड लावेना, लाळ गळायला लागली, तर मग…” पुढचं त्यानं बुचाबरोबर बाटलीत दाबून टाकलं.

पैज जिंकूनही विशाखा मैत्रिणींना तिथंच सोडून घराकडं निघाली.

गुंडी म्हणजे तिच्या बिल्डिंगमागच्या पाण्याच्या टाकीखाली राहणारी वीतभर कुत्री. नाक काळ्या गुंडीसारखं. शेपूट हलवायला लागली की मागचं अर्धं अंगच हलायचं. काल तिच्या गळ्यात कुणीतरी आवळलेली तार विशाखानं सोडवली. तार कातडीत रुतली होती. ओढताना गुंडी कळवळली आणि दात लागला.

जिन्याशी शेजारचे अर्जुनराव कुणाला तरी सांगत होते, “उद्या सकाळी कुत्री पकडायची गाडी येतेय. मोकळं एक ठेवणार नाहीत.” तिला बघून म्हणाले, “काय भाषणवाल्या बाई, आज तोंडाला कुलूप?”

तिनं ऐकलंच नाही. ती टाकीकडं पळाली.

करवंटीत तिनं आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. गुंडीनं ढुंकूनही पाहिलं नाही. धावत आली आणि मांडीत डोकं खुपसलं.

“पी ना गं. एकच घोट.”

नाही. विशाखानं स्वतः बाटली तोंडाला लावली, तर घोट घशातच अडला. आपल्यालाच पाण्याची भीती वाटायला लागली की काय? तेवढ्यात गुंडी तिच्या मोज्यावरून जीभ फिरवू लागली, नेमकी त्या ठिपक्यावर. विशाखानं पाय असा झटकला की कुत्री कोलमडून पडली. मग पोट जमिनीला घासत मागं सरकली आणि सिमेंटच्या फुटक्या पाइपात शिरली. शेपटीचं टोक मात्र बाहेर राहिलं. ते अजून हलत होतं, भीत भीत.

विशाखाला स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर काही केल्या जाईना. घरी सांगावं, तर ‘चावरं कुत्रं नको’ म्हणून बाबा स्वतः उचलून गाडीत देणार. न सांगावं, तर कंपाउंडरचं ते अर्धं राहिलेलं वाक्य. कालची रात्र तिनं त्या ठिपक्यावर हात ठेवून काढली होती. तशी आणखी एक काढायची हिंमत नव्हती.

विशाखा तिथंच बसून राहिली. बऱ्याच वेळानं लपलप आवाज आला. गुंडी पाइपातून बाहेर येऊन पीत होती, एक डोळा हिच्यावर ठेवून.

आज प्यायली. उद्याचं कुणी सांगावं. विशाखानं वेणीची लाल रिबीन सोडली, जखम चुकवून गुंडीच्या पुढच्या पायांमागून छातीला बांधली आणि तिला उचलून जिना चढली.

कस्तुरा, तिची आई, भाकरी थापत होती. किसन, तिचे बाबा, पहिल्या शिफ्टवरून येऊन बूट काढत होते.

“अगं बाई, ते आधी खाली सोडून ये,” आई म्हणाली.

“नाही सोडणार.”

बाबांनी मान वर केली. तिनं मोजा खाली ओढून घोटा पुढं केला. आईचा हात पिठातच थांबला.

“बाबा, कालचं आहे हे. हिच्या गळ्यातली तार काढताना दात लागला. भीतीनं सांगितलं नाही. आत्ता मला दवाखान्यात न्या, ते देतील तेवढी इंजेक्शनं मी घेते. रडेन, ते वेगळं. पण उद्या गाडी आली तरी ही खाली जाणार नाही. मी ठरवलंय. गुंडी आता आपल्या घरातली.”