चारशे बारा शेंगदाणे

पत्र आलं मंगळवारी. जिल्हा कचेरीचा शिक्का आणि खाली कुणालाच लागणार नाही अशी सही. मजकूर असा, की नियमाप्रमाणे बाळंतपणाचा दवाखाना हमरस्त्यापासून लांबच्या गावाला मिळतो. पण आमचं बेसेम्प्रा हे गावच नाही, ती शेजारच्या न्टोआसूची शेतावरची वस्ती आहे. सबब दवाखाना न्टोआसूला. हरकत असेल तर १९५० च्या आधीच्या एखाद्या सरकारी कागदात गावाचं नाव दाखवा. शुक्रवारी सकाळी सुनावणी.

मी ट्रकांवर आणि दुकानांवर पाट्या रंगवतो. अक्षर त्याच धंद्यात शिकलो, शाळेत नाही. तरी कागद आला की अख्खं बेसेम्प्रा माझ्याकडं बघतं. आमच्या प्रमुखांच्या, नाना ओबुओबींच्या अंगणात मी ते पत्र वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मागच्या पावसाळ्यात आमची एक बाई दवाखान्याच्या वाटेवर, सात मैलांच्या चिखलात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत झाली. नसलेल्या गावची बाई! पोर मात्र आहे, चांगलं गाव दणाणून रडतं.

नाना म्हणाले, "पेंटर, शहरात जा. गोऱ्यांनी आपली माणसं मोजली होती, असं म्हातारे सांगायचे. कुठंतरी लिहिलं असेलच की."

"मोजली? आपल्यात तर माणसं मोजत नाहीत," मी म्हणालो. आमच्यात पोरांकडं बोट दाखवून एक-दोन-तीन केलं, तर आजी आधी थोबाडीत देते आणि मग कारण सांगते: मोजलेलं माणूस मरणाच्या नजरेत भरतं.

यावर नानांची मावशी, आमची राणीमाय न्यार्कोआ, तोंड फिरवून हसली. तिचं वय अठ्ठ्याऐंशी, दात तीन. का हसली ते तेव्हा मला कळलं नाही.

शहरातल्या ग्रंथालयात दारावरच्या कारकुनानं मला रंगाच्या डागांसकट खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"संशोधक असल्याचं पत्र?"

"मी मोजलेल्यांचा पणतू आहे. चालेल?"

"पत्राशिवाय जुने अहवाल मिळत नाहीत."

मी आवाज चढवला. माझ्या पणजोबाला मोजताना कुणी त्याच्याकडं पत्र मागितलं होतं का, आणि आता त्याचा आकडा बघायला मी पत्र आणू? लोक पुस्तकांतून माना वर काढायला लागले. तेवढ्यात आतून एक ठेंगणी बाई आली. बिरागोबाई, जुन्या कागदांच्या खोलीची प्रमुख. हातात केंकीचा, आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा, अर्धा गोळा, बोटाला मिरचीचा ठेचा.

"दादा, भांडण जेवणानंतर करतात. आत या."

आतल्या खोलीत १९११ चा खानेसुमारीचा अहवाल निघाला. निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली आणि उरलेल्यांवर आकड्यांचे नुसते थवे. आमच्या जिल्ह्यातली गावं जिथं दिसली ती पानं काढून मी बोट फिरवत बसलो. न्टोआसूच्या आसपास बेसेम्प्रा नाही. मागं नाही, पुढं नाही. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी मी पुस्तक धाडकन मिटलं. "नाहीच आम्ही! बरोबर आहे त्यांचं. आम्ही सगळी भुतं आहोत."

"पुस्तकावर हात उगारू नका, ते माझ्यापेक्षा म्हातारं आहे," बिरागोबाई म्हणाल्या. "तुम्ही आजचा जिल्हा शोधताय. आजचे जिल्हे तेव्हा होते कुठं? गोऱ्यांनी गावं मांडली ती मोठ्या प्रमुखांच्या नावाखाली. तुमचे नाना सणाला मेंढा कुणाकडं नेतात?"

"न्टोआसूला नाही! अमोआमानच्या मोठ्या नानांकडं. चाळीस मैल चालत. वेडेपणा आहे सगळा, पण नेतात."

"मग तुम्ही अमोआमानच्या छत्रीखाली असणार."

त्यांनी शंभर पानं एकदम उलटली आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं. बेसेम्प्रा. स्वतंत्र ओळीत, न्टोआसूशी काही देणंघेणं नसलेलं. मी बाईंचा हात धरून नाचलोच. मग पुढचे रकाने वाचले आणि नाचायचा थांबलो. पुरुष: नऊ. स्त्रिया: चारशे बारा.

खाली बारीक अक्षरात मोजणी अधिकाऱ्याची टीप होती. या भागात लोक तोंडानं मोजू देत नाहीत. म्हणून घरोघर भोपळ्याचा तुंबा फिरवून पुरुषामागे मक्याचा एक दाणा आणि स्त्रीमागे एक शेंगदाणा टाकायला सांगितलं. बेसेम्प्रात पुरुष इतके कमी का, याचा उलगडा झाला नाही.

मला मात्र राणीमायच्या हसण्याचा उलगडा झाला. गावाकडं निघण्याआधी मी आणखी एक पान शोधलं आणि दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या.

संध्याकाळी अंगणात मी आकडे वाचले. नाना ताडकन उठले.

"अशक्य! माझ्या थोरल्या मामाआजोबांच्या काळात या गावात दोनशे मर्द होते!"

"होते ना," राणीमाय म्हणाली. "सगळे शेंगदाणे झाले. गोरे लोक पुरुषांना मोजतात ते ओझी वाहायला धरून न्यायला, अशी आवई उठली होती. आमच्या आजीनं सांगितलंय मला. ज्यानं त्यानं स्वतःच्या नावानं गपचूप शेंगदाणा टाकला."

"मग ते नऊ?"

"लंगडे, आंधळे आणि एक बहिरा, ज्याला आवई ऐकू आली नव्हती."

अंगण हसून लोळायला लागलं. नाना हसले नाहीत. सणाला शिंगं फुंकून ज्यांची थोरवी गातात, 'पाठ न दाखवणारा' म्हणून, ते हेच मामाआजोबा, तेव्हाचे प्रमुख. "मावशी, ते मात्र मक्याचा दाणाच असणार."

"ते? त्यांनीच पहिला टाकला. प्रमुख नको का पुढं?"

नानांनी झेरॉक्स माझ्या हातून काढून घेतली. "हे मी कचेरीत दाखवणार नाही. न्टोआसूवाले सात पिढ्या हसतील."

"हसू देत," मी म्हणालो. "नाना, स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ द्या. तुमच्या मामाआजोबांना मरून सत्तर वर्षं झाली. ट्रॉलीत बाळंत होतात त्या आजच्या बायका आहेत."

नानांनी कागद घडी करून खिशात घातला आणि आत गेले. आणणार की फाडणार, कुणालाच कळलं नाही.

शुक्रवारी सुनावणीला अधिकारी होते टेटेसाहेब, समुद्रकाठचे, चष्मा कपाळावर. न्टोआसूच्या बाजूनं ओपोंग आले होते, पोट आधी आणि माणूस नंतर असे. नाना उठले, खिशात हात घातला, बराच वेळ तो तिथंच ठेवला. मग घडी काढून टेबलावर ठेवली.

साहेबांनी वाचलं. "नाव आहे. स्वतंत्र आहे."

ओपोंग वाकून बघायला लागले आणि हसण्यानं त्यांचं पोट हलायला लागलं. "साहेब, आकडा वाचा! नऊ पुरुष! हे काय गाव आहे? आमच्या शेतावर खुरपायला आणलेल्या बायकांची छावणी ही. आमचंच म्हणणं सिद्ध झालं!"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मुद्दा आहे त्यांचा. काही खुलासा?"

मी उठणार, तोच नानांनी मला खांद्यानं खाली दाबलं.

"साहेब, त्या चारशे बारांत निम्मे पुरुष होते. आमचे मर्द त्या दिवशी शेंगदाणे झाले, धरून नेतील या भीतीनं. माझे थोर मामाआजोबा सगळ्यांत आधी. त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. मी हे भर कचेरीत सांगतोय. लिहून घ्या."

कचेरीत शिपायांसकट सगळे हसले. नानांची मान ताठच होती.

"गोष्ट छान आहे," ओपोंग डोळे पुसत म्हणाले, "पुरावा कुठंय?"

आता मी उठलो आणि दुसरी झेरॉक्स दिली. "हे न्टोआसूचं पान. साहेब, मोठ्यानं वाचा."

साहेबांनी वाचलं. न्टोआसू: स्त्रिया सहाशे चार. पुरुष सहा.

"नऊ पुरुषांची छावणी होत असेल," मी म्हणालो, "तर सहांची काय होते? सांगा ओपोंगकाका, तुम्ही कुणाच्या शेतावर खुरपायला आला होता?"

आमच्याबरोबर आलेली राणीमाय मागून म्हणाली, "अरे, आवई तुमच्याच गावातून आमच्याकडं आली होती!"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, हसू गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी लिहिलं: दोन्ही गावं जुनी, दोन्ही स्वतंत्र, लांबचं गाव बेसेम्प्रा, दवाखाना बेसेम्प्राला. शिक्का मारला. या खेपेला सही वाचता आली.

बाहेर आंब्याखाली ओपोंगांनी नानांना गाठलं. मला वाटलं आता जुंपणार. पण ते खालच्या आवाजात विचारत होते, "नाना, ते सहा कोण असतील हो आमचे?"

"बहिरे असतील," नाना म्हणाले, आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा हसले.