देवलाचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे आणि आज माझं डोकं फिरलंय.

लाकडी दांडी, पुढे पोलादी निब आणि तिच्या मधोमध शाई उतरायला बारीक चीर, एवढाच माझा जीव. मंगरूळपीरच्या इस्माईलचाचांनी माझ्याकडून कितीतरी माणसांचे चेहरे काढून घेतले. हात हलका ठेवला की बारीक रेघ, दाबला की जाड. गालाची सावली उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीनं भरायची. डोळ्यातली चमक मात्र काढायची नसते, तिथे कागद कोरा सोडायचा. शाई काही खोडता येत नाही, म्हणून चाचा डोळे सगळ्यात शेवटी काढत, तेही घरचं माणूस समोर बसवून.

पुढे त्यांच्या मुलानं, खालिदनं, दुकानात फ्लेक्सचं मशीन आणलं आणि मी डब्यात पडलो. त्याचं मला एवढं नाही. पण परवा या पठ्ठ्यानं माझ्या निबेनं डिंकाच्या बाटलीचं झाकण उचकटलं! मला न पुसता तसंच टाकून दिलं. चीर फाकली ती फाकलीच.

काल शेलूबाजारकडच्या तांड्यावरून कमलीबाई आल्या. संध्याकाळच्या गाडीनं ऊसतोडीला निघायचं होतं, आणि वारलेल्या नवऱ्याचं, देवलाचं, चित्र सोबत न्यायचं होतं. ओळखपत्रावरचा एकच फोटो. खालिदनं तो कॉम्प्युटरवर गोरा केला, दोन्ही डोळे सारखे केले, छापून हातात दिला.

"हा कोन हाय?" बाईंनी तो परत सरकवला. "माह्या मानसाचा डावा डोया बारीक व्हता."

मग चाचांनी मला शोधलं, खरवडलं, जपून जपून अख्खा चेहरा काढला. बाई समोर बसून सांगत होत्या. उजवा डोळा झाला. डाव्याचं बुबुळ भरायला चाचांनी मला दाबलं आणि फाकल्या चिरेतून शाईचा थेंब बदकन त्या डोळ्यात पडला. सगळा डोळा काळा.

"निब कोनं बिघडवली?" चाचांनी विचारलं.

"जुना टाक तर व्हता, अब्बा. नवा आनून देतो ना."

नवा आणशील रे, पण बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तो थांबणार होता का?

"दुसरं काढाले उद्या उजाडन, बाई," चाचा खाली मान घालून म्हणाले.

कमलीबाईंनी ओला कागद दोन्ही तळव्यांवर आडवा धरला. "राहू द्या. एका डोयानं तरी पायते ना तो मले," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

मित्रांनो, हत्यार धुऊन ठेवायला वाटीभर पाणी लागतं. सकाळपासून खालिद मला कोमट पाण्यात घालून घासून राह्यला. आता कायले?