जाळाकडची जागा

फैजपुरात गॅसच्या शेगड्या येऊ लागल्या होत्या. पण व्याही जेवायला यायचे म्हटले की मांडे खापरावरचेच लागत, आणि मांडे म्हटले की बेबाबाईंना बोलावणं येई. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत त्या असा वाढवत, की मांडा कोपरापर्यंत लोंबे, पण पुरण कुठून डोकावत नसे. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मातीच्या खापरावर अलगद सोडत. बायका हातातलं काम टाकून बघायला येत.

गेल्या पावसाळ्यात केळीच्या बागेत पाटाच्या कडेला त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात पुरता वळेना. घरी कुणी नसताना त्यांनी एकदा मांडा करून पाहिला. तो मधोमध फाटला, पुरण चुलीत पडलं. त्याच दिवशी त्यांनी खापर पोत्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवून दिलं आणि हात अधू झाला म्हणजे आपणच संपलो, असं मनाशी धरून बसल्या.

उन्हाळ्यात वच्छलाबाईंच्या मुलीचे सासरकडचे दोंडाईच्याहून जेवायला यायचे होते. वच्छलाबाई येऊन बसल्या, हाताची चौकशी केली. मग जरा चाचरत म्हणाल्या, की मांडे लताबाई करणार आहे, तेवढं तुमचं खापर द्याल का.

लताबाई ही बेबाबाईंची धाकटी जाऊ. कणीक कशी तिंबायची इथपासून बेबाबाईंनीच तिला शिकवलं होतं. शिकवताना ती आपल्या पाटावर बसेल असं काही वाटलं नव्हतं.

"खापर तं फुटलं," बेबाबाई म्हणाल्या. पापणीही लवली नाही.

जेवणाच्या दिवशी घरी थांबणं त्यांना जमेना. वच्छलाबाईंकडे जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या. लताबाईने बांगड्या मागे सारल्या, अगदी बेबाबाई सारत तशा. ते पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिला मांडा फाटेल म्हणून त्या बघत राहिल्या. फाटला नाही. दुसराही नाही. उलट असा पातळ उतरला की बायका वा वा करू लागल्या. इतका पातळ आपल्याला कधी जमला होता का, हा विचार बेबाबाईंनी घाईघाईने दाबून टाकला.

लताबाईचं खापर आदल्या दिवशी बाजारातून आणलेलं होतं. कोरं खापर आधी मंद आचेवर थोडं थोडं तापवून मुरवावं लागतं. घरात कायम जुनंच खापर असल्यामुळे हे तिला कुणी सांगायची वेळच आली नव्हती. बाकीच्या स्वयंपाकाला बोलावलेल्या लोटन आचाऱ्याने घाईत मोठी लाकडं सारली, जाळ भडकला आणि तडकन आवाज होऊन खापराचे दोन तुकडे झाले.

बाहेर पानं मांडलेली. बेबाबाईंना क्षणभर बरंच वाटलं.

लताबाई मात्र तशीच उभी होती. दोन्ही हातांवर वाढवलेला मांडा, तो सोडायला जागा नाही, आणि खाली ठेवताही येत नाही. मांडा आपल्याच भाराने हळूहळू फाटत चालला होता. तिने बाकी कुणाकडे पाहिलं नाही, बेबाबाईंकडे पाहिलं.

घरी कुणी नसताना आपण असंच उभं होतो, हे बेबाबाईंना आठवलं. त्या उठल्या.

पलीकडच्या गल्लीतून डाव्या कडेवर खापर घेऊन त्या परत आल्या, तेव्हा वच्छलाबाई बघतच राहिल्या. "फुटलं व्हतं ना वं?"

"नाही. खोटं बोलली मी. माझ्या पाटावर दुसरं कोणी बसलेलं मले बघवत नव्हतं."

आता सगळ्या हसतील, असं त्यांना वाटलं. एक-दोघी हसल्याही. लताबाईने पाट जरा बाजूला सरकवला.

"अक्का, जाळाकडे तुमी बसा. या खापराचा अंदाज मले नाही."

बेबाबाई बसल्या. मोठी लाकडं बाहेर ओढली, डाव्या हाताने बारीक काटक्या चहूबाजूंनी सारल्या. खापर कुठे जास्त तापतं ते त्यांना ठाऊक होतं. तिथला जाळ कमी केला आणि मानेनेच खूण केली. मांडा पडला, फुगला. व्याह्यांनी कुणाच्या हातचे म्हणून विचारलं, तेव्हा नाव लताबाईचंच निघालं. बेबाबाईंना ते खुपलं. त्यांनी आणखी एक काटकी सारली.

परतताना लताबाईने भीतभीत विचारलं, की पुढच्या वेळी खापर न्यायला येऊ का.

"खापर माझ्याच घरी राहील," बेबाबाई म्हणाल्या. मग थोडं चालून गेल्यावर, "बोलावणं आलं की दोघी जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कणकेचा लहानसा गोळा घेतला आणि डाव्या हातावर जोर देऊन फिरवू लागल्या. तो काठाशी फाटला. त्यांनी चिमटीने भोक बुजवलं आणि मांडा खापरावर सोडला.